सुटकेनंतरचा हक्क

भारतीय संविधानाच्या २३व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांवर बंदी घातली. १९७६च्या कायद्याने वेठबिगारांची कर्जेही रद्द केली. तथापि वीटभट्टीवरून सोडवलेला मजूर रिकाम्या हातांनी गावी परतला, तर त्याच मुकादमाकडून पुन्हा उचल घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

केंद्र शासनाच्या २०१६च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषास १ लाख, स्त्रिया व बालकांस २ लाख आणि मानवी व्यापार, लैंगिक शोषण अशा प्रकरणांत ३ लाख रुपये ठरले. रक्कम बरी आहे. अट मात्र कठोर. पूर्ण रकमेची सांगड आरोपीच्या दोषसिद्धीशी घातली गेली, आणि खटले तर वर्षानुवर्षे रेंगाळतात! तातडीचे साहाय्य तेवढे निकालाची वाट न पाहता देता येते. २०२१च्या सुधारित योजनेत ते ३०,००० रुपयांपर्यंत वाढले. या साऱ्या मागणीस आधार असतो तो जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या मुक्ती प्रमाणपत्राचा. सुटका होताच ते मागून घ्यावे.

याखेरीज राज्याच्या पीडित नुकसानभरपाई योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आरोपीचा शोध लागलेला नसला, तरीही.