झाडाच्या सालीचा डबा

आपल्याकडे बांबूच्या कामट्यांपासून टोपली, सूप, कणगी विणतात. टोपलीत दूध ओतलं तर काय होईल? सगळं खाली गळेल. पण रशियातले लोक झाडाच्या सालीच्या डब्यात दूध ठेवत आले आहेत. त्यातून थेंबभर गळत नाही.

त्या झाडाचे नाव भूर्ज. त्याला बर्च असेही म्हणतात. रशिया, कॅनडा अशा थंड देशांत ते पुष्कळ होते. आपल्या देशात ते हिमालयात आहे. भूर्जपत्र हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ते झाडाचं पान नसतं, सालच असते! पूर्वी तिच्यावर पोथ्या लिहीत.

साल कशी काढतात? भूर्जाच्या सालीचे दोन भाग असतात. बाहेरची साल पांढरी, पातळ पापुद्र्यांची असते. तिच्यात पाणी शिरत नाही आणि ती लवकर कुजत नाही. आतली साल ओली असते. ती पानांनी तयार केलेले अन्न खाली मुळांकडे नेते. जूनच्या सुमारास झाडात रस भरलेला असतो. तेव्हा सुरीने फक्त बाहेरच्या सालीला उभी चीर देतात. साल अलगद सुटते. तिच्या पट्ट्या कापून टोपल्या विणतात. ती जागा पुढे काळी पडते, पण झाड जगते. सुरी खोल गेली आणि आतली साल सगळीकडून कापली गेली, तर झाड वाळून जातं.

दुधाच्या डब्याला रशियात तुयेस म्हणतात. त्यासाठी तोडलेल्या ओंडक्यावरून सालीची अख्खी नळी काढतात. नळीला शिवण नसते म्हणून डबा गळत नाही. बाहेरून सालीचा दुसरा तुकडा गुंडाळतात. नळीची कड गरम पाण्यात मऊ करून लाकडाचे बूड बसवतात. गार झाल्यावर ते घट्ट बसते. वर लाकडाचे झाकण.

अमेरिकेतले ओजिब्वे लोक साल दुमडून भांडी करतात, जसा आपण पळसाच्या पानाचा द्रोण करतो तसं. कडा झाडाच्या मुळांनी शिवतात आणि फटींना राळ लावतात. त्यात ते मेपल झाडाचा गोड रस गोळा करत.

आता एक गंमत. रशियातल्या नोव्हगोरोद गावी 1956 साली खोदकामात सालीच्या भांड्याचे एक बूड सापडले. त्यावर ओनफीम नावाच्या सहा-सात वर्षांच्या मुलाने मुळाक्षरे गिरवली होती! मागे एका जनावराचे चित्र काढले होते. ते सुमारे 750 वर्षांपूर्वीचे आहे. तरी अक्षरे वाचता येतात.

आपल्यातले काही जण शाळेपुढच्या कडुलिंबावर खिळ्याने नाव कोरतात. मीपण कोरलं होतं. तिथून डिंक गळतो. तो का गळतो हे मला माहीत नव्हतं. माझा खिळा आतल्या सालीत, म्हणजे झाडाच्या जेवणाच्या वाटेत गेला होता. ओनफीमने जिवंत झाडावर लिहिले नाही, मोडक्या भांड्याच्या बुडावर लिहिले. आपणही वहीत लिहूया. कडुलिंबाला आता खिळा लावू नका.