काथ्याची कुंडी : शीलाचा एक पाठ

विनयपिटकातील चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदेन आणि भदन्त आनंद यांचा संवाद आला आहे. राजस्त्रियांनी आनंदांना पाचशे चीवरे दान केली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे भिक्षू काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटली जातील, असे उत्तर मिळाले. राजा पुढे विचारतच राहिला. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतात, पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि शेवटी फडक्यांचे तुकडे चिखलात मळून त्यांनी जमीन सारवली जाते. वापरलेल्या वस्तूचे पुढे काय होते, याचे उत्तर प्रत्येक उपभोक्त्याने दिले पाहिजे, हा या कथेचा आशय आम्हांस वाटतो.

आम्ही मात्र एकदा हे उत्तर देऊ शकलो नाही. काही वर्षांपूर्वी पावसाच्या आरंभी आम्ही विद्यार्थ्यांसह पूर्व उपनगरातील एका टेकडीच्या पायथ्याशी वृक्षारोपण केले. भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर एक सफाई कामगार भगिनी गटाराच्या जाळीत अडकलेल्या काळ्या पिशव्या हाताने काढत होती. त्या आमच्याच रोपांच्या पिशव्या होत्या. झाडाचे श्रेय आमच्याकडे आणि पिशवीची घाण तिच्याकडे, अशी ही वाटणी झाली होती. मुंबई महापालिकेच्या कामगारांसाठी बाबासाहेबांनी १९३५ साली म्युनिसिपल कामगार संघ उभारला. त्यांचे नाव घेणाऱ्यांच्या हातून असे घडावे, याची आम्हांस लाज वाटली.

प्लास्टिकने तुंबलेल्या गटारांचा अनुभव उपनगरांना नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुराची कारणे अनेक होती. त्यांत प्लास्टिकने अडलेले पाणी हेही एक होते. पुढे २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. परंतु केवळ कायद्याने सवय बदलत नाही. हाताशी पर्याय असावा लागतो.

असा पर्याय कोकणाच्या परसात पूर्वीपासून आहे. नारळाच्या सोडणापासून काथ्या निघतो. त्यात लिग्निन हे चिवट द्रव्य भरपूर असल्याने तो सावकाश कुजतो. म्हणूनच त्याचे सुंभ टिकाऊ असते. काथ्याचा थर नैसर्गिक रबराच्या चिकाने बांधून साच्यात दाबला की कुंडी तयार होते. तिच्या भिंतीतून हवा खेळते. प्लास्टिकच्या पिशवीत मुळे गोल फिरून गुंतत जातात. येथे भिंतीबाहेर आलेल्या मुळांची टोके हवेने सुकतात आणि आत नवी तंतुमुळे फुटतात. रोप कुंडीसह जमिनीत लावता येत असल्याने मुळांना धक्का बसत नाही.

ती वापरण्याची रीत सोपी आहे. कुंडी प्रथम पाण्यात भिजवावी. माती, कुजलेले शेणखत आणि काथ्याचा भुसा यांचे मिश्रण भरावे. भुशात क्षार असतात, म्हणून तो आधी दोन-तीन वेळा धुवावा. उन्हाळ्यात ही कुंडी लवकर सुकते. पाणी रोज पाहावे. लावताना तिचा काठ मातीखाली पूर्ण झाकावा. काठ उघडा राहिला तर तो मुळांजवळचा ओलावा शोषून हवेत सोडतो.

विकतची काथ्याची कुंडी पिशवीपेक्षा महाग पडते, हे खरे. परंतु अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील प्रत्येक नाक्यावर शहाळेवाला आहे. त्याच्याकडील रिकामी शहाळी आणून वरचा भाग कापावा, आतील खोबरे खरवडावे, उन्हात वाळवावीत आणि तळाला भोक पाडावे. भोक विसरू नये. पावसात पाणी साचलेल्या शहाळ्यात डेंग्यूचे डास वाढतात. एक चूक टाळताना दुसरी करू नये.

विद्यार्थ्यांनी वैशाख पौर्णिमेस बी पेरावे आणि आषाढ पौर्णिमेच्या सुमारास रोप जमिनीत लावावे. याच आषाढात वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात फिरताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायांखाली तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी भिक्षूंना एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. लोकांचे म्हणणे ऐकून आपले वर्तन बदलणे, हे त्या नियमाचे मूळ आहे.

गटाराजवळच्या त्या भगिनीने आमच्याकडे कोणतीही तक्रार केली नव्हती. तिने ती करण्याची वाट पाहणे हेच आमचे अपयश ठरले असते. आता वृक्षारोपणानंतर जागा सोडण्यापूर्वी आमचे विद्यार्थी मागे वळून पाहतात. उचलण्यासारखे काही उरले नसेल, तरच तो कार्यक्रम पूर्ण झाला असे आम्ही मानतो.