असल बरहुकूम

सदाशिव पेठ, पुणे ३०
श्रावण शुद्ध पंचमी

चि. ताई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले आणि ते मी तुझ्या काकूला दोन वेळा वाचून दाखविले. वर्गातील कर्णबधिर मैत्रिणीसाठी व्याख्यानांची टिपणे घेण्याचे काम तू पत्करले आहेस, आणि राज्यशास्त्र घेऊन एम. ए. करणाऱ्या एका अंध विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून येत्या सत्रपरीक्षेस बसण्याचेही कबूल केले आहेस, हे वाचून आम्हां दोघांनाही समाधान वाटले. परंतु पहिल्याच आठवड्यात एका तासाची नऊ पाने लिहूनही त्या मुलीला हवी ती गोष्ट त्यांत सापडली नाही, ती हिरमुसली आणि तू रडकुंडीस आलीस, असेही तू लिहिले आहेस. आणि काकांनी जन्मभर कारकुनी केली आहे, तर लिहावे कसे ते त्यांनीच सांगावे, असा हट्ट शेवटी धरला आहेस. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहितो.

मी चौतीस वर्षे सरकारी दफ्तरात काढली आणि तेवढ्या अवधीत माझ्या हातून मुख्यतः दोन तऱ्हेचे कागद लिहिले गेले. एक टिप्पणी आणि दुसरी नक्कल. टिप्पणी म्हणजे एखादे जाडजूड प्रकरण वाचून, समजून, त्यात वादाचा मुद्दा कोणता, पूर्वी हुकूम काय झाले आणि आता निर्णय कशाचा हवा, हे साहेबांना मूळ कागद न उलगडताही कळावे अशा बेताने मांडणे. तेथे कारकुनाची बुद्धी जागी नसेल तर कागद आणि शाई दोन्ही फुकट जातात. नक्कल म्हणजे मूळ दस्तऐवजातील मजकूर जेथल्या तेथे, खाडाखोड असल्यास तिच्या नोंदीसह आणि अशुद्ध असल्यास अशुद्धच उतरून, खाली ‘असल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून सही करणे. तेथे कारकुनाची बुद्धी मध्ये आली की घात झालाच म्हणून समजावे. ज्याने टिप्पणी नकलेसारखी लिहिली तो निरुपयोगी ठरे, आणि ज्याने नक्कल टिप्पणीसारखी लिहिली तो चौकशीस पात्र होई. ताई, तुझ्याकडे ही दोन्ही कामे एकाच वेळी आली आहेत. वर्गातले काम टिप्पणीचे, परीक्षेच्या दालनातले नकलेचे. आणि तुझी ती नऊ पाने म्हणजे वर्गात बसून केलेली नक्कल होती.

त्या मुलीची अडचण आधी नीट ध्यानात घे. आपण ऐकता ऐकता लिहू शकतो, कारण आपले कान समोर आणि डोळे वहीवर असू शकतात. तिचे ऐकणे डोळ्यांनीच व्हायचे असल्यामुळे प्राध्यापकांच्या ओठांवरून किंवा दुभाष्याच्या हातांवरून तिने दृष्टी वहीकडे वळविली की तेवढे व्याख्यान तिच्यापुरते बंद पडते, आणि प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले म्हणजे ओठांचा आधारही जातो. तू लिहावेस ते तिचे डोळे मोकळे राहावेत म्हणून. म्हणून जे तिला दिसू शकते त्यापेक्षा जे तिला दिसू शकत नाही ते टिपण्याकडे तुझे लक्ष अधिक हवे. मागच्या बाकावरून कोणी विचारलेला प्रश्न, त्यावर झालेली चर्चा, तास संपताना दाराकडे जाता जाता प्राध्यापकांनी सांगितलेली चाचणीची तारीख, हे सारे तिच्या पाठीमागे घडते. फार काय, वर्ग हसला तर कशाला हसला तेही एका ओळीत लिही. साठ मुले एकदम हसतात आणि ती एकटीच मान इकडून तिकडे वळवून प्रत्येकाचे तोंड न्याहाळते, तो क्षण तू एकदा मुद्दाम पाहा. मग विनोद टिपणे हे अभ्यासाबाहेरचे काम आहे असे तुला वाटणार नाही.

फळ्याचेही तसेच. अर्थशास्त्राचे प्राध्यापक रेषा काढून ‘हे वाढले की हा इकडे सरकतो’ असे बोलतात आणि तेवढ्यावर वर्गाचे काम भागते, कारण बोट आणि शब्द एकाच वेळी पोचतात. तू तो वाक्यखंड जसाच्या तसा उतरून घेतलास तर रात्री घरी बसून वाचणाराला त्यातून काहीएक कळणार नाही. ‘उत्पन्न वाढले असता मागणीवक्र उजवीकडे सरकतो’ असे जेव्हा तू लिहिशील, आणि शेजारी दोन रेषा काढून बाण दाखविशील, तेव्हा ते टिपण झाले. आणखी एक नाजूक गोष्ट सांगतो. लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या पुष्कळांना मराठी ही दुसरी भाषा असते, कारण खुणांच्या भाषेचे व्याकरण स्वतंत्र आहे. तेव्हा वाक्ये लहान आणि सरळ ठेव. मात्र शास्त्रातली परिभाषा तिच्यावर दया करून गाळू नकोस, कारण प्रश्नपत्रिका त्याच परिभाषेत येणार आहे. अवघड शब्द राहू दे आणि त्याचा अर्थ समासात लिही. जेथे तुला नीट ऐकू आले नाही तेथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाजाने भरू नकोस. तुझे स्वतःचे मत त्या वहीत नको. आणि वही त्याच दिवशी तिच्या हाती पडली पाहिजे. आठवड्याने मिळालेले टिपण कितीही सुवाच्य असले तरी तोवर वर्ग पुढे गेलेला असतो.

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहिले ही कथा तू लहानपणी माझ्याच तोंडून ऐकली आहेस. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट, आणि अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही लिहायचे नाही ही व्यासांची. वर्गात बसताना व्यासांची अट लक्षात ठेव. परंतु या कथेला आपल्याच शहरात जोडलेले एक प्रकरण आहे. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम आरंभिले आणि ते १९६६ साली पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते जुळवून पाहताना, शतकानुशतके नकलाकारांनी कोठे शोभेसाठी, कोठे भक्तीने, कोठे मूळ त्रोटक वाटले म्हणून पदरचे जे जे घातले होते ते पंडितांना एकेक करून वेगळे काढावे लागले. आणि ज्या आख्यानात गणपती लेखनिक होतो ते आख्यानही मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात गेले. त्या नकलाकारांतील बहुतेकांचा हेतू चांगलाच असला पाहिजे. तरीही त्यांनी प्रेमाने घातलेले निवडून काढण्यास विद्वानांची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे गेली.

हे मी इतके आग्रहाने लिहितो याचे कारण असे की, तीच चूक माझ्या हातून घडलेली आहे, आणि ती मी आजवर तुझ्या काकूखेरीज कोणाला सांगितलेली नाही. १९६९ साली मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. आमच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत एक अंध विद्यार्थी राहत, ते बी. ए. करीत होते आणि आम्ही मुले त्यांना दादा म्हणत असू. वर्षभर रोज संध्याकाळी मी त्यांना पुस्तके वाचून दाखवीत असे, आणि परीक्षेस लेखनिक म्हणून तेच मला घेऊन गेले. मराठीच्या पेपरात त्यांनी एका उत्तरात एकच मुद्दा दोन वेळा सांगितला असे मला वाटले, म्हणून दुसऱ्या वेळचे वाक्य मी लिहिलेच नाही, आणि त्याच्या जागी माझ्या दृष्टीने अधिक डौलदार असे एक वाक्य घातले. त्यांना चार गुण जास्त मिळतील एवढीच माझी भावना होती. उत्तर संपल्यावर त्यांनी ते वाचून दाखविण्यास सांगितले. मी वाचू लागलो, त्या वाक्यापाशी आलो तशी त्यांची बोटे बाकाच्या कडेवर थांबली, आणि अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, “हे वाक्य माझं नाही. खोड.” मी खोडले. त्यांनी आपले वाक्य पुन्हा सांगितले आणि मी ते लिहिले. या खटाटोपात त्यांची पाच-सहा मिनिटे गेली आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. घरी येताना माझ्या कोपराला धरून ते चालत होते. लकडी पुलापर्यंत कोणीच बोलले नाही. मग ते म्हणाले, “नापास व्हायचं असेल तर मी होईन रे. ते तरी मला होऊ दे.” पुढे ते पास झाले आणि मला पेढेही मिळाले, परंतु ते वाक्य आज पन्नासाहून अधिक वर्षे माझ्या कानांत आहे. दुसऱ्याची उत्तरपत्रिका सुधारण्यात त्याच्या बुद्धीविषयी आपला किती अविश्वास असतो, हे मला त्या पुलावर कळले.

तेव्हा परीक्षेच्या दालनात तू केवळ हात आहेस. प्रश्न गुणांसकट दोन वेळा वाच. पर्याय असलेले प्रश्न वाचताना फार सावध राहा. चार पर्याय वाचताना बरोबर उत्तरापाशी आपला आवाज नकळत किंचित थांबतो किंवा चढतो, आणि अंधाचा कान ते तात्काळ पकडतो. चारही एकाच सुरात वाच. घरी आरशासमोर नव्हे, डोळे मिटलेल्या तुझ्या आईसमोर त्याचा सराव कर. विशेषनामांचे ऱ्हस्वदीर्घ त्या विद्यार्थ्याला विचार. त्याने सांगितलेले चुकीचे आहे असे तुला ठाऊक असले, तरी ते तसेच लिही. हे जड जाईल, पण तसेच लिही.

कायद्याची बाजूही जाणून घे, कारण ऐन वेळी एखादा पर्यवेक्षक अडवील तर त्या विद्यार्थ्याला वाद घालीत बसण्यास वेळ नसतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चा आहे, आणि लेखनिकाची सोय करणे हे त्यात सरकारचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळ दिला, म्हणजे तीन तासांच्या पेपरास एक तास; आणि उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावे असे म्हटले. एम. ए.च्या विद्यार्थ्यासाठी तुझ्यासारखी बी. ए.ची मुलगी त्या सूचनांच्या हिशेबाने चालत असे. परंतु हे नियम वरचेवर बदलत असतात, म्हणून चालू परिपत्रकाची प्रत मिळवून दोघांनी मिळून वाचा आणि ती ओळखपत्राबरोबर पिशवीत ठेवा. तो जादा तास ही खैरात आहे असे कोणी म्हणाले तर त्याला एक निबंध दुसऱ्याला तोंडी सांगून लिहवून घेण्यास सांग. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला, त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या प्रमाणात बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ती टक्केवारीची अट या सोयीस लागू नाही असा निर्णय दिला. एवढा लढा देऊन मिळविलेली ही जागा आहे. तिच्यावर तू बसणार आहेस.

मानधन घ्यावे की नाही असे तू विचारले आहेस. महाविद्यालय देत असेल तर अवश्य घे. आपल्याकडे अशा कामास पुण्यकर्म म्हणण्याची रीत आहे, आणि मला ती मनापासून मान्य नाही. ज्याच्यावर आपण उपकार करतो त्याला आपल्या उशिराबद्दल चार शब्द सुनावता येत नाहीत. त्या दोघांनाही तुझ्यावर रागावता आले पाहिजे. आणि तू उशीर करू नयेस. पेपरच्या दिवशी लेखनिक आला नाही तर वर्षभराचा अभ्यास डोक्यात घेऊन तो मुलगा फाटकाशी उभा राहील. ताप भरला तर कोण जाईल त्याचे नाव आजच ठरवून ठेव, आणि एकाहून अधिक लेखनिक मंजूर होतात का ते कार्यालयात विचार.

तुम्ही दोघे कार्यालयाच्या खिडकीशी गेलात की आतला माणूस त्या मुलाकडे न पाहता तुला विचारील, “यांना काय हवंय?” अशा वेळी उत्तर देऊ नकोस, त्याच्याकडे वळ आणि त्याला बोलू दे.

त्याच्यासाठी काही टंकलिखित करून देशील तर युनिकोडमध्येच कर. आमच्या दफ्तरात वापरत ते जुने श्रीलिपी किंवा कृतिदेव टंक डोळ्यांना मराठी दिसतात, पण त्यांच्या पोटात रोमन अक्षरे असतात, आणि संगणकावरचा वाचक त्याला ती अर्थहीन अक्षरेच वाचून दाखवितो. पानांची छायाचित्रे पाठविलीस तर तीही त्याच्यापुरती मुकीच. तो मुलगा संगणकाचे वाचन किती वेगाने ऐकतो हे एकदा शेजारी बसून ऐक. तुला एक शब्द कळणार नाही. त्यानंतर तू त्याला लहान मुलाला वाचून दाखवावे तसे सावकाश वाचणार नाहीस. सवडीने विद्यानगरातील ‘निवांत’ येथेही जाऊन ये. शाळा संपल्यावर ज्यांना पुढे वाट नव्हती अशा अंध मुलामुलींसाठी मीरा बडवे यांनी ते १९९६ साली सुरू केले. तेथल्या मुलांकडून लेखनिकाविषयी जे कळेल ते माझ्या पत्रात येणे शक्य नाही.

रविवारी येतेस असे लिहिले आहेस. त्या मैत्रिणीची वही घेऊन ये, दोघे मिळून पाहू. मात्र आधी तिला विचार, कारण वही तिची आहे. त्या मुलालाही यावेसे वाटल्यास आण. काकू पुरणाचे दिंड करणार आहे. आपल्या जिन्याची खालून तिसरी फळी हलते आणि माडीच्या तोंडाशी तुळई खाली आलेली आहे, हे त्याला जिना चढण्यापूर्वी सांग. त्याला ओढू नकोस, तो तुझे कोपर धरील.

तुझा,
काका