शिंगरावर खोगीर कधी घालावे?

मंडळी, आषाढी वारीतले रिंगण आपण पाहिलेच असेल. पुरंदवडे, खुडूस, वाखरी ही आपल्या सोलापूर जिल्ह्यातलीच ठिकाणे. टाळ-मृदंग वाजतो. माणसांचा समुद्र लोटतो. त्यातून दोन घोडे दौडतात, पण बुजत नाहीत. असा घोडा एका दिवसात तयार होत नाही. त्याला काही वर्षे जावी लागतात. ती वर्षे ज्याला दम धरवत नाही, त्याचे जनावर वाया जाते.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. साल १९७५. आम्ही शाळकरी पोर होतो. चुलत्यांनी कर्ज काढून एक शिंगरू घेतले. उंच, देखणे, कपाळावर पांढरा टिळा. विकणारा म्हणाला, "तीन वर्षांचं हाय." चुलत्यांनी उंची पाहिली आणि विश्वास ठेवला. त्या वैशाखात शिंगराला वरातीला लावले. दर वरातीला पाठीवर नवरदेव, पुढे वाजंत्री, आणि रात्रभर नाचवणे. चार पैसे आले. सगळे खूष झाले.

ज्येष्ठात शिंगरू लंगडू लागले. पुढच्या पायांचे गुडघे सुजले. खोगीर दिसले की ते अंग चोरी. नालबंदाला बोलावले. त्याने पाय पाहिला, मग तोंड उघडून पाहिले आणि म्हणाला, "आण्णा, ह्याच्या तोंडात समदं दुधाचं दात हाईत की! दोन वर्षांचं लेकरू हाय हे."

चुलते खाली बसले. ते शिंगरू पुढे कधी नीट चालले नाही. कर्ज मात्र चार वर्षे फेडावे लागले.

चूक कुठे झाली? उंची पाहिली, दात पाहिले नाहीत.

दात कसे पाहावे?

बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. घोड्याला पुढे वर सहा आणि खाली सहा असतात. दुधाचे दात लहान, पांढरे आणि मुळाशी बारीक असतात. पक्के दात मोठे आणि पिवळसर असतात.

मधले दोन दात सुमारे अडीच वर्षांनी बदलतात.
त्यांच्या शेजारचे दोन साडेतीन वर्षांनी.
कडेचे दोन साडेचार वर्षांनी.

वर आणि खाली दोन्हीकडे असेच घडते. पाच वर्षांनी सगळे दात जुळतात.

घाई का करू नये?

लहानपणी हाडांची टोके कोवळी, कुर्चेची असतात. ती हळूहळू पक्की होतात. खुराजवळची हाडे आधी पक्की होतात. गुडघ्याजवळची सुमारे अडीच वर्षांनी. पाठीचा कणा सर्वांत शेवटी, पाच-सहा वर्षांनी. आणि आपण बसतो कुठे? पाठीवरच! घोडे उंच दिसले, म्हणून पाठ पक्की झाली असे नाही. आपण कोवळ्या खोंडाला नांगराला जुंपत नाही. इथेही न्याय तोच.

मग करावे काय?

पहिल्या वर्षी अंगावरून हात फिरवावा. रोज चारही पाय उचलावे. मोहरकीची सवय लावावी.

दुसऱ्या वर्षी दोरी धरून रस्त्याने फिरवावे. ट्रॅक्टर, वाजंत्री, गर्दी लांबून दाखवावी. गोल काव्यावर धरायचे तर थोडाच वेळ, आणि दोन्ही बाजूंनी. फार वेळ गोल पळवले तर पायांवर ताण येतो.

तिसरे वर्ष पुरे झाले की आधी नुसती घोंगडी टाकावी. मग रिकामे खोगीर. तंग एकदम आवळू नये, हळूहळू आवळावा. शिंगरू शांत राहिले, तर हलक्या अंगाचा जाणता स्वार पाच-दहा मिनिटे बसावा. दुसऱ्याने दोरी धरावी. फक्त चालीने न्यावे, पळवू नये.

चौथ्या वर्षी थोडी दुडकी चाल. पुरे काम पाच वर्षांनंतरच.

एखादे शिंगरू याहून मागे राहते. खोगीर पाहून ते कान मागे पाडते, शेपूट आपटते, पाठ चोरते, किंवा गुडघा गरम लागतो. तेव्हा थांबावे. पशुवैद्याला दाखवावे. मारून काही शिकत नाही, फक्त भिते.

वजनाचा हिशेब

पुरे वाढलेल्या घोड्यावरही त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे नसावे. घोडे वजनकाट्यावर उभे करून पाहावे. समजा, वजन २५० किलो भरले.

२५० भागिले ५ = ५० किलो.

त्यात खोगीर ८ किलो. उरले ४२ किलो. म्हणजे असल्या लहान तट्टावर धिप्पाड माणसाने बसूच नये. शिंगरावर तर याहूनही कमी ओझे.

अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाल तेव्हा रंग, उंची, नाच जरूर पाहा. पण पैसे मोजण्याआधी तोंड उघडून दात मोजा.

आमच्या चुलत्यांना अक्षर येत नव्हते. विकणाऱ्यालाही येत नव्हते. शिंगराचा जन्म कधीचा, हे कुणी लिहूनच ठेवले नव्हते. आता तुम्हाला लिहिता येते. घरी शिंगरू जन्मले की त्याच दिवशी वहीत तारीख लिहा. खाली आईचे नाव आणि रंग लिहा. दात बदलला की तीही तारीख लिहा. विकताना तो कागद घेणाऱ्याच्या हाती द्या.

सांगा पाहू

१. घोड्याचे मधले दोन दात कितव्या वर्षी बदलतात?
२. घोड्याचे कोणते हाड सर्वांत शेवटी पक्के होते?
३. घोडे ३०० किलोचे आहे. खोगीर १० किलोचे आहे. स्वार जास्तीत जास्त किती किलोचा असावा? वहीत मांडून दाखवा.