‘पाठवा’ बटण सापडत का नाही?

एका वाचनालयाच्या कार्यवाहांची अडचण अशी : नवी वेबसाइट दिसते देखणी, पण दृष्टिहीन सभासदाला सभासदत्वाच्या अर्जावरचं ‘पाठवा’ बटण सापडत नाही आणि नेट मंद असलं की पान कोरंच राहतं. दोष कुठे आहे?

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच. एचटीएमएल जे काम स्वतःहून करतं, ते जावास्क्रिप्टच्या गळ्यात घातलेलं असतं. रंगवलेल्या ‘डिव्ह’ला, म्हणजे नुसत्या चौकटीच्या टॅगला, क्लिक जोडलं की डोळसांना ते बटण वाटतं, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो नुसता मजकूर असतो आणि कीबोर्डची टॅब कळ त्याला ओलांडून जाते. खरा ‘बटन’ टॅग वापरला, की टॅब तिथे थांबते, एंटर चालतं आणि ‘पाठवा, बटण’ असं ऐकू येतं. फरक एका ओळीचा! तसंच पानातला मजकूरही स्क्रिप्टच आणत असेल, तर ती उतरेपर्यंत पान कोरंच.

‘स्क्रिप्ट बंद ठेवतं कोण?’ असं वेबसाइट करणारे हमखास विचारतात. ब्रिटन सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने २०१३ मध्ये ते मोजलं. १.१ टक्के लोकांना स्क्रिप्टचा लाभ मिळत नव्हता. त्यांत ती बंद ठेवलेले किंवा तिची सोयच नसलेले ०.२ टक्के; उरलेल्या ०.९ टक्क्यांकडे ती चालायला हवी होती, पण चालली नाही. तुटलेलं नेटवर्क, कार्यालयातली फायरवॉल, अर्धवट उतरलेली फाइल अशी कारणं असू शकतात.

म्हणून अर्ज साध्या ‘फॉर्म’मध्ये असावा, प्रत्येक रकान्याला ‘लेबल’ जोडावं, चुका सर्व्हरनेही तपासाव्यात. स्क्रिप्ट त्यावरची जादा सोय.

कार्यवाहांनी आजच ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट बंद करावं, माउस बाजूला ठेवावा आणि तो अर्ज स्वतः भरून पाहावा.