खर्जातला गंधार

साताऱ्याहून मिरजेला जाता-येता जुनं गाणं ऐकायला शिकलो. त्यातलं थोडं, ज्यांना नव्याने या वाटेला जायचंय त्यांच्यासाठी.

१. आधी तंबोरा, मग रेकॉर्ड. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानाच्या पायरीवर टेकायला मिळालं तर टेकावं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे, तुणीच्या लाकडाची दांडी, हे सगळं बघण्यासारखं आहेच. पण खरी कसोटी घोडीवर. कानशीनं घासत तिला असा उतार द्यायचा की तार कडेवर न अडकता पाठीवरून अलगद सुटावी. ही जवारी. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचा, तो ‘जीव’. मी बघत होतो त्या कारागिराने जीव केसभर हलवला आणि इतका वेळ ठस्स वाजणारी तार एकदम उघडली. “आता खर्जाची तार ऐका, सर. गंधार येतोय का?” येत होता. गंधाराची तार तंबोऱ्याला नसतेच, तरीही!

२. तोच स्वयंभू गंधार कानात ठेवून पेटीकडे जावं. त्याचं षड्जाशी नातं ५:४ असं स्वच्छ आहे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे वाटे पाडलेले, त्यामुळे तिचा गंधार सुमारे १४ सेंटनी चढा असतो. लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे १०० सेंट धरले, तर त्यातले १४. कागदावर किरकोळ वाटतं. तंबोरा चालू ठेवून पेटीचा गंधार दाबून धरा, मग सांगा. युरोपातही जुनं संगीत वाजवणारे हार्पसिकॉर्ड जुन्या पद्धतीने लावतात, त्यात या गंधाराचा वाटा मोठा.

३. या गंधाराचं भांडण आपल्याच भागात पेटलं होतं, ते ठाऊक असावं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं. गळा अब्दुल करीम खाँसाहेबांचा, मोजमाप देवलांचं. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि १९११च्या सुमारास साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी राहिली. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती सर्वांपुढे आली. संगीतशास्त्री भातखंड्यांना हा सगळा हिशेबच मान्य झाला नाही. मला विचाराल तर त्या वादात मी भातखंड्यांकडे झुकतो. दरबारीचा गंधार आंदोलन घेत डुलतो, त्याला कुठल्या पट्टीवर बसवणार? तरी देवलांच्या कानाला दाद द्यायलाच हवी. आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं ते १९४० मध्ये. देवलांना तिच्यातलं उणं तीस वर्षं आधीच खुपत होतं.

४. जुनी तबकडी लावली की वेग तपासावा. सुरुवातीच्या काळात सगळ्यांचा वेग ७८ फेऱ्यांचा नसे. चुकीच्या वेगात षड्ज चढतो, आवाज चिरका होतो आणि आपण उगाच गायकाला नावं ठेवतो. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी जेमतेम तीन मिनिटांत आटोपते ती तबकडीत तेवढीच जागा म्हणून. मैफलीत ते ती किती फुलवत असतील, याचा अंदाज तिच्यावरून बांधू नये.

५. उरुसात मिरजेला जावं. खाँसाहेब १९३७ साली गेले, कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. गायक-वादक तिथे मानधन न घेता हजेरी लावतात. मैफलीच्या वेळेआधी पोचावं, कारण तंबोरे लागताना जे ऐकायला मिळतं ते पुढे माइक सुरू झाले की हरवतं. जागा मिळाली तर तंबोऱ्याच्या बाजूला बसावं. माइकवाल्याला तंबोरा थोडा वाढवायला सांगून बघायला हरकत नाही. बहुधा तो मान डोलावतो आणि पेटी वाढवतो.