कौलांवरचा काळा थर

कौलारू घर यंदा ‘नव्यासारखं’ करून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी प्रेशर मशीनवाल्याला होकार देण्याआधी हे वाचावं. राजापूरकडच्या आमच्या घराचं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घराचं होऊ नये, एवढ्यासाठी लिहितो आहे.

घर जुनं, पण मंगलोरी कौलं भक्कम. मागे फणस आणि आंबा असल्यामुळे त्या बाजूचं पाखं कायम काळं. एका कंत्राटदाराने पाण्याचा जोरदार झोत मारून ते लालभडक करून दिलं. वाटेने जाणारी माणसं थांबून बघायची. जुलैत माजघरात पाणी ठिबकायला लागलं आणि गणपतीत मखरावर ताडपत्री बांधावी लागली. पुढच्या पावसानंतर तेच पाखं आधीपेक्षा जास्त काळं पडलं.

कारण नंतर कळलं. भट्टीत भाजताना कौलाच्या अंगावर जी घट्ट कातडी धरते, ती झोताने खरवडून जाते. मग कौल खडबडीत होतं, पाणी धरून ठेवतं आणि शेवाळाला आणखी चांगली जागा मिळते. शिवाय निघालेला चिखल दोन कौलांच्या खाचांत जाऊन बसतो. पावसाचं पाणी ज्या खाचेतून खाली वाहायचं, तीच बुजली की ते आत उतरतं. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात ज्या कौलांचा कारखाना काढला, त्या जातीची कौलं एकमेकांत अडकून बसतात. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही, आणि जुने कारखाने एकेक करून बंद पडत गेले. म्हणून जुनं कौल जपायचं.

त्याहून वाईट प्रकार पडवीच्या स्लॅबवर झाला. तिथे आधी ब्लिचिंग पावडर टाकली होती. ती तशीच असताना, डाग लवकर जावेत म्हणून कंत्राटदाराने वरून फरशी धुवायचं अॅसिड ओतायला लावलं. ब्लिचिंग आणि अॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. काम करणारा तरुण पोरगा खोकत खाली बसला, डोळे उघडेनात. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तो बरा झाला, पण तो वास मी विसरलेलो नाही. संडास साफ करायच्या द्रावणातही अॅसिडच असतं, तेही ब्लिचिंगजवळ नेऊ नका. तसंही अॅसिड सिमेंटला खातं. पृष्ठभागाची छिद्रं उघडी पडतात आणि शेवाळ परत येतं.

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शेवाळ येणारच. पण काय काय येतं ते ओळखायला हवं. काळा थर बहुतेक वेळा नीलहरित शैवालाचा असतो. उन्हापासून बचावासाठी ते गडद रंगाचं आवरण धरतं, म्हणून मे महिन्यात करपल्यासारखं दिसतं आणि पहिल्या सरीला पुन्हा जिवंत होतं. ते दिसायला वाईट दिसतं, पण कौलाला लगेच धोका नाही. हिरवं, मऊ, गादीसारखं शेवाळ मात्र खाचांत माती धरतं. ते काढायलाच हवं. राखाडी गोल चकत्या म्हणजे गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. त्या खरवडू नका, कौलाचा टवका निघेल. ब्लिचिंगचं पाणी लागलं की त्या मरतात आणि पुढे पावसात आपोआप सुटतात.

आता आम्ही करतो ते असं. मृगाच्या आधी कौलं परततानाच प्रत्येक कौल हातात येतं, तेव्हाच काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने खाचा साफ करायच्या. तारेचा ब्रश नको. स्लॅबसाठी दहा लिटर पाण्यात तीनेकशे ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवायची, साका खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी वापरायचं. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर कुचकामी होते. कडक उन्हात लावलं तर काम करायच्या आधीच सुकतं, म्हणून संध्याकाळी लावायचं. पंधरा-वीस मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच. खालची झाडं आधी आणि नंतर भिजवायची. छपराचं पाणी विहिरीत किंवा टाकीत घेत असाल तर तो पाइप आधी सोडवा. लोखंडी पत्र्यावर हे पाणी अजिबात जाऊ देऊ नका, पत्रा गंजतो.

परत येऊ नये म्हणून सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फणसाच्या फांद्या उतरवण्याचा. ऊन आणि वारा लागला की पाखं पाऊस थांबल्यावर लवकर सुकतं. पन्हळीतला पाला पावसाळ्यातही, उघडीप बघून, काढावा लागतो. आढ्यालगत तांब्याची पट्टी बसवली तर पावसाबरोबर तिचा किंचित अंश खाली उतरतो आणि शेवाळाला आवरतो. सुपारीवर बोर्डो फवारणाऱ्या बागायतदाराला तांब्याची ही ताकद सांगायला नको. मात्र पट्टीखालून वाहणारं पाणी जस्ताच्या पत्र्यावर पडत असेल तर ती बसवू नये, कारण तांबं जस्ताला खातं. चकचकीत रंगही कौलांना देऊ नये. आतली ओल अडकते आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात.

गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना हातच लावू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं. घासलं किंवा झोत मारला की त्याचे तंतू मोकळे होतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. शिवाय जुना पत्रा माणसाच्या वजनाने सरळ फुटतो. कौलांवर चढायचंच असेल तर छप्पर कोरडं असताना, आडवी शिडी टाकून, आढ्यापलीकडे पक्का बांधलेला दोर कमरेला घेऊन चढा, आणि खाली एक माणूस उभा असू द्या.